पोस्टमननं खून केला नव्हता

सुकलाल, तू हरलास.

आठ वर्षांत पहिल्यांदा हरलास, आणि मी ते तुझ्या तोंडावर सांगायला येईपर्यंत खाट रिकामी करून निघून गेलास. शाळेत मास्तरकी करताना मी हरणारी पोरं पुष्कळ पाहिली. कोणी रडतं, कोणी पंचाला नावं ठेवतं, कोणी घरी जाऊन बापाला घेऊन येतं. पण हरल्यावर थेट या जगातूनच उठून जाणारा गडी तू पहिला. हे खिलाडूपणाचं लक्षण नाही, एवढं नोंदवून मी सुरुवात करतो.

तुझ्या तेराव्यानंतर दोन दिवसांनी वहिनींचा निरोप आला. मी डिंडोलीहून सायकल काढून सुरतेच्या तुझ्या टोकाला, लिंबायतला आलो. तुझी ती दीड खोली, भिंतीपलीकडच्या कापडाच्या लूमचा तोच खटखटाट. त्या आवाजावर ओरडून बोलायची आपल्याला इतकी सवय, की मी वहिनींशीही ओरडूनच बोललो. म्हटलं, "कशा आहात?" अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं. त्यांनी फळीवरचं पुस्तक काढलं, पदरानं पुसलं आणि माझ्या हातात दिलं.

"भाऊ, हाई पुस्तक तुमनं शे. त्यासनी सांगेल व्हतं, मास्तरलेच देवानं."

पुस्तकात दोन चिठ्ठ्या होत्या. एक माझी, एक तुझी. दोन्हींना स्टेपल मारलेली. माझ्या चिठ्ठीची पिन शाबूत होती, म्हणजे तू ती उघडली नव्हतीस. तुझी मी तिथेच, वहिनींसमोर, दातांनी उघडली. आत एकच शब्द होता. पोस्टमन.

मी ते वाचून मोठ्यानं हसलो. सुतकातून नुकत्याच बाहेर पडलेल्या घरात हसलो म्हणून वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. काय सांगणार त्यांना? की तुमच्या नवऱ्यानं लाकडाच्या वखारवाल्याचा खून एका पोस्टमनवर घातलाय, जो दोनशे वीस पानांच्या पुस्तकात उणीपुरी दीड पानं येतो, घंटी वाजवतो, पत्र टाकतो आणि सायकलवर टांग मारून जातो? माझ्या चौथीतल्या पोरांनीही त्याच्यावर संशय घेतला नसता. खून कंपाउंडरनं केला होता. आणि सुकलाल, माझ्या चिठ्ठीत कंपाउंडरच होता. कोणाला न विचारता, निम्म्या पुस्तकावर थांबून, माझ्या अकलेनं मी त्याला धरला होता.

तू हरलास, मी जिंकलो. हसत हसत मी घरी गेलो. जिना चढेपर्यंत हसू टिकलं.

आपला नियम तुला पाठ होता, पण लोक हे वाचतील तर त्यांच्यासाठी सांगतो. मंडळाची ती खोली, जिथे गणपतीची आरास वर्षभर गुंडाळून ठेवतात, तिथे पुस्तकांची दोन कपाटं. डावीकडच्यात रहस्यकथा आणि थरारकथा, उजवीकडच्यात बाकीचं सगळं. आत्मचरित्रं, प्रवास, इतिहास, आजारांवरची पुस्तकं. मी डाव्या कपाटाचा माणूस, तू उजव्या. रहस्यकथेची एकच प्रत, ती दोघांनी आळीपाळीनं वाचायची. निम्म्या पुस्तकावर थांबायचं, ज्याचा संशय येईल त्याचं नाव चिठ्ठीवर लिहायचं, घडी घालून स्टेपल मारायचं. दोघांचं वाचून झालं की सुट्टीच्या दिवशी सकाळी चहाच्या लारीवर, त्या कोपऱ्यावरच्या हातगाडीवर, चिठ्ठ्या उघडायच्या. ज्याचा चोर बरोबर तो जिंकला. हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याच्या कपाटातलं, जिंकणारा सांगेल ते पुस्तक वाचायचं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, पानं न गाळता. दोघंही बरोबर असलो किंवा दोघंही चुकलो, तर सुटका.

काही वेळा अशी सुटका झाली. बाकी सगळ्या वेळा तू जिंकलास.

आणि जिंकून तू मला काय काय वाचायला लावलंस, ते आठवलं की अजून कपाळ दुखतं. एका रेल्वेच्या गार्डानं लिहिलेलं आत्मचरित्र, ज्यात पहिली सत्तर पानं गाडी सुटतच नाही. एका मामलेदारानं दुष्काळावर लिहिलेलं जाडजूड पुस्तक, ज्यात प्रत्येक गावाची गुरं, चारा आणि विहिरी. मलेरियाच्या डासाचा शोध. एका सुइणीच्या आठवणी. मी कुरकुरत वाचायचो, लारीवर तुला शिव्या द्यायचो, "सुकलाल, यात काही घडतच नाही, आणि जे घडतं ते आधीच माहीत असतं. दुष्काळ पडला, हे मुखपृष्ठावरच लिहिलंय. मग तीनशे पानं कशाला वाचू?"

तू बशीत चहा ओतून फुंकर घालायचास. चारचौघांत मला "तुम्ही मास्तर" म्हणणारा तू, तिथे दोघंच असलो की "तू" वर यायचास.

"शेवट माहीत असतो तरी माणूस जगायचा थांबत नहीं ना, मास्तर? मग तू वाचायचा कसा थांबशील?"

मी म्हणायचो, "वा, प्रवचन झालं, आता प्रसाद मागव."

आता खरं सांगतो, तू ऐकायला नाहीस म्हणूनच सांगतो. दुष्काळाच्या त्या पुस्तकात एक म्हातारी येते. चारा छावणीत बैल मेल्यावर ती त्याची घंटा धुऊन पुसून तशीच खुंटीला टांगून ठेवते. मामलेदारानं दोन ओळींत लिहिलंय, पुढच्या ओळीत चाऱ्याचा भाव. त्या दोन ओळी वाचून मी पुस्तक उशाखाली ठेवलं आणि दिवसभर वर्गात नीट शिकवलं नाही. आणि सुइणीचं पुस्तक तर मी दोनदा वाचलं. तुला मात्र सांगितलं, "टाकाऊ आहे." एवढं एक कबूल करायचं राहून गेलं. आता कबूल करतो, कारण आता जे सांगणार आहे त्यापुढे माझा हा खोटेपणा काहीच नाही.

घरी आल्यावर मी पुस्तक चाळायला बसलो. पोस्टमन डोक्यातून जाईना. आठ वर्षांत तुझा संशय एकदाही चुकला नव्हता. बंगल्यातल्या मोलकरणीपासून आंधळ्या पेटीवाल्यापर्यंत ज्याचं नाव लिहिलंस तोच निघाला. मी तुला मनात मोठा गुप्तहेर मानून बसलो होतो. शिक्षकांच्या खोलीत तुझे पोवाडे गायलो होतो. "आमच्या लिंबायतला एक कापडाचे ताके तपासणारा आहे, नुसती नावं वाचून खुनी सांगतो." आणि हा माणूस एकदम पोस्टमन कसा लिहितो?

पुस्तक उलटं धरलं तर पानांच्या कडेला दोरे दिसले. लाल सुताचे बोटभर तुकडे, पानाच्या घडीत अडकवलेले. ते मी लगेच ओळखले. तुझ्या कामाचे दोरे. कापडाचा ताका, म्हणजे अख्खा तागा, तपासताना कुठे तार तुटलेली दिसली, कुठे तेलाचा डाग पडलेला दिसला, की किनारीला लाल दोरा बांधायचा, हे तूच मला दाखवलं होतंस. पुस्तकातही जिथे लेखक घसरला तिथे तू दोरा लावतोस, हेही ठाऊक होतं. पण पुस्तक मला द्यायच्या आधी तू दोरे काढून टाकायचास. म्हणायचास, मंडळाचं पुस्तक आहे, घाण कशाला. या वेळी माझं वाचून झालं होतं, तुझी पाळी शेवटची होती, आणि दोरे काढायला वेळ मिळाला नाही.

सगळे दोरे पुस्तकाच्या मागच्या अर्ध्यात होते. पुढच्या अर्ध्यात एकही नाही. म्हणजे तिथवर तू पोचलाच नव्हतास.

साडीच्या घडीत घालतात तो पांढरा पुठ्ठा, त्याचा एक तुकडाही होता. त्यावर तू नेहमी चुका टिपायचास आणि लारीवर वाचून दाखवायचास, हातात न देता, खिशातून अर्धवट काढून. तो पुठ्ठा पहिल्यांदा माझ्या हातात आला. त्यावर लिहिलं होतं. पान दोनशे बारा, कंपाउंडर कबुली देतो पण सुरी कुठून आली ते नाही. पान एकशे अठ्ठ्याऐंशी, कंपाउंडर डावखुरा. पान एकशे एकसष्ट, कंपाउंडर उजव्या हाताने सही करतो, चूक. पान एकशे तेहतीस.

सुकलाल, आकडे उतरत जात होते.

तू शेवटून वाचत होतास. आठ वर्षं प्रत्येक पुस्तक शेवटून वाचत होतास, आणि निम्म्यावर थांबायचास तो मागून आलेला निम्मा. माझ्यासारखा माणूस, ज्यानं डाव्या कपाटातलं एकही पुस्तक सोडलं नाही, सिगारेटच्या राखेवरून खुनी ओळखणाऱ्यांच्या पंक्तीत स्वतःला बसवणारा, त्याच्या समोर बसून, त्याच्याच चहात बिस्किट बुडवून तू हे केलंस.

आणि पुरावे काय कमी होते? ताका कसा गुंडाळतात ते तू मला तीन वेळा समजावलं होतंस. जे शेवटी विणलं जातं ते वर येतं, म्हणून तपासणाऱ्याला कापडाचा शेवट आधी दिसतो, सुरुवात सगळ्यात शेवटी. मी मान डोलावली होती. एकदा मी चिडून विचारलंही होतं, "सुकलाल, तू शेवटचं पान आधी वाचतोस का रे?" तू शांतपणे म्हणालास, "मास्तर, तू पोरांचे पेपर तपासतोस तेव्हा नमुना उत्तरं आधी पाहतोस की नहीं?" मी हसलो. टाळीसुद्धा दिली. तो कबुलीजबाब होता, गड्या, आणि मी त्याला विनोद समजून टाळी दिली.

पण मोठा पुरावा वेगळाच. प्लेगच्या साली अर्धी सुरत रिकामी झाली. स्टेशनवर माणसं टपावर चढत होती. वहिनींना आणि पोरींना तू अमळनेरकडे गावी धाडलंस. मी निघू शकत नव्हतो, माझी आई अंथरुणावर होती, तिला हलवण्यासारखं नव्हतं. तू मात्र मोकळा होतास, गिरणी बंद होती. तरी तू रोज सकाळी तोंडाला रुमाल बांधून माझ्या दारात यायचास. प्लेगवरच्या कॅप्सूलची पट्टी खिशात, काखेत डाव्या कपाटातली एक जुनी रहस्यकथा. मंडळाची खोली बंद व्हायच्या आधी हाताला लागलेलं ते एकच पुस्तक. मी विचारलं, "तू का नाही गेलास?"

"अर्धं पुस्तक टाकीसन कोठे जाऊ?"

तेव्हा मी हसलो होतो. आता कळतं, अर्धं सोड, ते पुस्तक तू सुरूच केलं नव्हतंस. त्या पुस्तकाची शेवटची सोळा-वीस पानं बांधणीतच नव्हती. गोष्ट रंगात येते, इन्स्पेक्टर सगळ्यांना दिवाणखान्यात बसवतो, म्हणतो, "खुनी या खोलीत आहे," आणि पुढे थेट बांधणीचा पुठ्ठा. मी निम्म्यावर चिठ्ठी लिहिली. तुझी मागितली तर तू हात झटकलेस.

"ताका अर्धा शे, तपासू कसा?"

आठ वर्षांत तू चिठ्ठी लिहायला नकार दिलास तो हा एकच. आणि मी काय निष्कर्ष काढला? की सुकलाल फार प्रामाणिक माणूस आहे. मी तर खूष होतो. शेवट नाही म्हणजे मीच शेवट रचणार. ओट्यावर बसून रोज एक नवा शेवट मी तुला साभिनय सांगितला. एकदा डॉक्टर खुनी, एकदा मेलेलाच खुनी, एकदा इन्स्पेक्टरची बायको. तू ऐकायचास, आतून आईला पाणी नेऊन द्यायचास, तिची उशी सारखी करायचास, परत येऊन म्हणायचास, "तुझा शेवट नको मास्तर. त्याचा पाहिजे." पुढे कितीतरी महिने तू जळगावच्या मेहुण्याला पत्रं लिहून दुसरी प्रत शोधलीस. मिळाली नाही. माझी आई त्या आजाराच्या दिवसांतून वाचली, मग दोन वर्षांनी आपल्या वयानं गेली. मरेपर्यंत विचारायची, "तो पाणी आणून देणारा मुलगा आला का?" तू चाळिशी ओलांडलेला मुलगा. तू अर्ध्या पुस्तकासाठी थांबला नव्हतास, हे मला तेव्हाही माहीत होतं. आभार मानायचे असतात हेही माहीत होतं. पण आपल्यात ती पद्धत नव्हती, चिठ्ठीचीच होती.

आता मुख्य भांडणाकडे येतो.

दोन दिवसांनी मी पुठ्ठा घेऊन परत वहिनींकडे गेलो. मला वाटलं, विचारू तरी, हा माणूस घरी कसा वाचायचा. त्या म्हणाल्या, "तुमले माहीत नहीं? ते सगळंच शेवटून करतस." मग त्यांनी दिवाळीच्या आसपासचं सांगितलं. मोठ्या दवाखान्यात तपासणी झाली, डॉक्टर छातीचा एक्स-रे धरून सुरुवातीपासून समजावू लागले, तर तू त्यांना म्हणालास, शेवटचं आधी सांगा. त्यांनी सांगितलं. होळीच्या पुढे-मागे. तू वहिनींना बजावलंस, मास्तरला कळू द्यायचं नाही.

दिवाळी ते होळी. मी दर आठवड्याला तुझ्या खाटेशी बसत होतो. तू म्हणायचास, सुताच्या धुळीचा खोकला आहे, उन्हाळ्यात जाईल. मी विश्वास ठेवला. रहस्यकथेत कोणी दोनदा खोकला तरी मी पुढच्या पानाला त्याचा मृत्यू गृहीत धरतो, आणि तुझी कॉलर दर आठवड्याला सैल होत होती ते मला दिसलं नाही. मी तुला वखारीतल्या खुनाबद्दल सांगत बसलो, त्यातल्या संगीतशिक्षिकेवर माझा आधी कसा संशय होता आणि मग, कोणाकडे ते न सांगता, कसा फिरला. तू डोळे मिटून ऐकायचास आणि म्हणायचास, "सावकाश सांग. घाई काय शे?"

घाई काय शे, असं तू मला म्हणालास. तू.

याचा मला राग आहे आणि तो राहणार आहे. शेवट वाचून ठेवलास, तर मला का नाही दाखवलास? मी काय केलं असतं? हां, रडलो असतो. खाटेशी बसून रोज उगाच गंभीर तोंड केलं असतं. खुनाच्या गोष्टी सांगणं मला जमलं नसतं. तू मला चांगला ओळखत होतास. तू स्वतः शेवटून वाचत होतास आणि मला सुरुवातीकडून वाचू देत होतास, कारण मला तसंच वाचायला आवडतं. हे मला कळतं. कळलं म्हणून राग जातो असं थोडंच आहे.

आणि त्यात तो पोस्टमन. खुनी तुला पहिल्या दिवशी माहीत होता. पुठ्ठ्यावर तीनदा कंपाउंडर लिहिलंयस. मग चिठ्ठीत पोस्टमन का? माझी चिठ्ठी तू उघडली नव्हतीस. तू कंपाउंडर लिहिलं असतंस तर बरोबरी झाली असती, सुटका. तुला हरायचं होतं. आणि हरण्यासाठी मी बरोबर असणं भाग होतं. एवढी खात्री होती तुला माझी? आठ वर्षं ज्याला डास आणि दुष्काळ वाचायला लावलास, त्याला या वेळी चोर सापडेल, यावर तू पैज लावलीस.

यासाठी तुझे पाय धरीन. पण दुसऱ्या हातानं कानही धरीन, कारण तुझी लबाडी मला दिसते. आयुष्यात एकदाच हरलास, तेही अशा वेळी की दंड भरायला तुला थांबावं लागू नये. डावं कपाट उघडून मी तुझ्यासाठी पुस्तक निवडायचं, आणि तू वाचायचं, पानं न गाळता, हा माझा आठ वर्षांचा हक्क होता. तो माझ्या हातात ठेवून तू उठून गेलास. असा विजय घेऊन मी काय करू? लारीवर एकटा बसून कोणाला दाखवू? चहावाला विचारतो, "आपके दोस्त नहीं आए?" मी म्हणतो, गाँव गए हैं.

पण दंड माफ करायचा नाही, असं मी ठरवलं आहे.

कालच मंडळाच्या खोलीत गेलो. डावं कपाट उघडलं आणि प्लेगच्या दिवसांतलं ते पुस्तक शोधून काढलं, शेवट नसलेलं. जळगावच्या मेहुण्यालाही ज्याची दुसरी प्रत मिळाली नाही ते. लिंबायतला येऊन तुझ्या फोटोशेजारी फळीवर ठेवलं. वहिनींनी विचारलं, "हाई काय शे, भाऊ?" म्हटलं, "दंड आहे त्याचा." त्यांनी पुस्तक हातात घेतलं, मागून उघडलं, शेवटाच्या जागी नुसता पुठ्ठा पाहिला आणि तू गेल्यापासून पहिल्यांदा तोंडाला पदर लावून हसल्या. मग तुझ्या फोटोकडे वळून म्हणाल्या, "आते वाच बरं."

तर हे घे, सुकलाल. याला मागची बाजू नाही. तुला हे पहिल्या पानापासूनच वाचावं लागेल, माझ्यासारखं. खुनी दिवाणखान्यात बसला आहे आणि कोण आहे ते या जगात कोणालाच सांगता येत नाही. निम्म्यावर थांब. लाल दोरे लावलेस तरी चालतील, काढू नकोस.

माझी त्या वेळची चिठ्ठी तिथेच, निम्म्यावरच्या पानात आहे, पिन गंजलीय पण उघडलेली नाही. तुझी लिहायची राहिली आहे. सावकाश लिही. घाई काय शे?